मखमलाबादच्या खोलीतली गायब थंडी

‘नाशिक जिल्ह्यातल्या गुन्हेगारांची झोप उडवणारे, करड्या नजरेचे, पोलादी मेंदूचे, एका नखावरून अख्खा माणूस ओळखणारे सुप्रसिद्ध तपासतज्ज्ञ श्री. मल्हारी थेटे. चोरी, फसवणूक, बेपत्ता माणसे व जनावरे. गुप्ततेची हमी. येथे झेरॉक्स व एसटीडीची सोय आहे.’

हे पत्रक आमच्या ह्यांनी तोंडी सांगितलं आणि मी टाइप केलं. ‘सुप्रसिद्ध’पाशी माझी बोटं अडली होती, पण मागून ‘पुढे’ असा आवाज आला म्हणून पुढे गेले. शेवटचं वाक्य तेवढं मी माझ्या मनाने घातलं. नाशिकच्या द्वारका चौकात आमचं जे काही चालतं, ते त्या शेवटच्या वाक्यावर चालतं.

मी प्रतिभा थेटे. घरात बायको, दुकानात सहायक. दुकानात ह्यांना ‘अहो’ म्हणायचं नाही, ‘सर’ म्हणायचं, असा नियम आहे. मी तो पाळते. फारच डोकं फिरलं तर ‘अहो’ तोंडातून जातं आणि मग तेही जरा बेताने बोलतात. ही गोष्ट घडेपर्यंत सरांनी दोन प्रकरणं सोडवली होती. पहिल्यात हरवलेला बैल आपल्या पायांनी गोठ्यात परत आला. दुसऱ्यात चोरीला गेलेली छत्री आमच्याच दुकानात दारामागे निघाली. दोन्हींच्या फायली मी नीट लावून ठेवल्या आहेत.

१९९९चा मे महिना होता. बुधवारी सकाळी एक मुलगी एका अर्जाच्या तीन प्रती काढायला आली. बावीस-तेवीस वर्षांची, डोळे रडून लाल झालेले. मी मशीनचं झाकण उघडलं, तेवढ्यात सर खुर्चीवरून उठले आणि तिच्याभोवती एक चक्कर मारून आले.

“तुम्ही मखमलाबादहून आलात,” सर म्हणाले. “वडील फुलांची शेती करतात. नाव वैष्णवी पुंजाराम विधाते. आणि तुम्ही काळजीत आहात.”

“काका, तुम्हाला कसं कळलं?” ती दचकलीच.

“निरीक्षण!” सर म्हणाले.

अर्ज माझ्या हातात सुलटा होता आणि सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. मी झेरॉक्स काढत राहिले.

बाईमाणूस बघून असेल किंवा सरांवर विश्वास बसल्यामुळे असेल, पोरगी भडाभडा बोलायला लागली. राहत्या घराच्या मागच्या खोलीत तिने कॉम्प्युटर क्लास काढला होता. चार कॉम्प्युटर, अकरा विद्यार्थी. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेची मान्यता मिळाली तरच सर्टिफिकेट देता येणार होतं. त्यासाठी संस्थेचे साहेब शनिवारी दुपारी दोन वाजता तपासणीला येणार होते. त्यांचा एक नियम असा की भर दुपारी कॉम्प्युटरच्या खोलीचं तापमान पंचवीसच्या आत पाहिजे. म्हणून तिने मुंबईच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातला खिडकीत बसवायचा एसी आणला होता.

“आणि तो चालत नाही?” मी विचारलं.

“चालतो ना काकू, तेच तर! सकाळी मस्त गार. संध्याकाळी सहानंतर मस्त गार. फक्त दुपारी बारा-साडेबाराला खट्‌ आवाज होतो आणि थंडी बंद. मग अधूनमधून सुरू होतो, परत खट्‌. पंधरा दिवस रोज हेच चाललंय. ललितदादाला तीनदा बोलावलं.”

ललित म्हणजे एसी बसवणारा मेकॅनिक. त्याची दिवसा अंबडच्या कंपनीत ड्यूटी. तो यायचा संध्याकाळी सहा-साडेसहाला. तिन्ही वेळा त्याने एसी लावला, तिन्ही वेळा खोली गार झाली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, ताई, मशीनला काही झालेलं नाही, तुम्ही उगीच टेन्शन घेता.

“मान्यता नाही मिळाली तर?” मी विचारलं.

“तर नाना ती खोली फुलांच्या कॅरेटना घेणार. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. क्लास बंद.” तिने ओढणीने डोळे पुसले. “काकू, अकरा पोरांना मी शब्द दिलाय हो. त्यातल्या चार मुलींना तर घरचे दुसरीकडे कुठे पाठवणारच नाहीत.”

मला पोरीचं वाईट वाटलं. सरांना आनंद झाला. त्यांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, “पोरी, हा एसीचा बिघाड नाही. ही थंडीची चोरी आहे.”

दुपारी आम्ही लूनावरून मखमलाबादला पोचलो. विधात्यांचं घर गावाच्या कडेला, पुढे ओटा, बाजूला फुलं निवडायची पत्र्याची शेड, मागे गोठा आणि विहीर. ओट्यावर पुंजाराम विधाते पाणी प्यायला घटकाभर टेकले होते. साठीकडे झुकलेले, डोक्याला टोपी, हातात विळा. त्यांनी आमचं पत्रक हातात घेतलं, लांब धरून वाचलं आणि विचारलं, “बैल शोधून देता व्हय?”

“हल्ली मोठी प्रकरणं घेतो,” सर म्हणाले.

“हे कसलं मोठं! मी पयल्याच दिशी सांगितलं व्हतं पोरीला. लय शिकलीस, झालं. आता हे डबे कशाला घरात? चार पाव्हण्यांसमोर सांगितलं, मी या मशीनला हात लावणार नाय. अजून लावला नाय.” एवढं बोलून ते विळा घेऊन मागच्या बाजूला निघून गेले.

सरांनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. मी वहीत ‘बाप विरोधात’ असं लिहिलं.

तेवढ्यात शेडमधून वैष्णवीची आई नवसाबाई आल्या, ओल्या हाताने पदर सावरत. “तुम्ही पोलिसातले ना? मग माझं बी एक काम करा. माझं गोणपाट रोज जातंय.”

“काय जातंय?”

“गोणपाट वो. फुलांवर टाकायचं. आम्ही ते वल्लं करून टोपल्यांवर टाकतो, म्हंजी फुलं सुकत नाय. रोज दुपारी बघावं तर नाय. सांच्याला बघावं तर वल्लंच्या वल्लं परत दोरीवर. तंवर माझी शेवंती माना टाकती. पंधरा दिस झाले.”

“ताई,” सर शांतपणे म्हणाले, “करड्या नजरेच्या माणसाला गोणपाट दिसत नाही. मी मोठे गुन्हे बघतो.”

“मग जरा बारकं बघायचा चष्मा घ्या,” म्हणून नवसाबाई परत शेडमध्ये गेल्या. मला बाई आवडल्या. मी वहीच्या कोपऱ्यात ‘गोणपाट’ असं लिहून ठेवलं, सरांनी ते खोडायला लावलं.

खोली लहान, स्वच्छ. दारात चपला काढायच्या. चार टेबलं, चार कॉम्प्युटर, त्यांच्यावर क्रोशाची पांढरी कव्हरं. मागच्या भिंतीला मोठी खिडकी. अर्ध्या खिडकीत एसी आणि उरलेल्या काचेला ऊन येऊ नये म्हणून आतून खाकी कागद चिकटवलेला. भिंतीवर खताच्या कंपनीने भेट दिलेला थर्मामीटर होता, तो सदतीस दाखवत होता. एसी घुर्र करत होता, वारा मात्र कोमट.

सरांनी भिंतीवरच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवायला साफ नकार दिला. साक्षीदार विकला गेलेला असू शकतो, म्हणाले. त्यांनी स्वतःच्या खिशातून ताप मोजायचा थर्मामीटर काढला, दोनदा झटकला, टेबलावर उभा धरला आणि दोन मिनिटांनी वाचला.

“साडेअठ्ठ्याण्णव. नॉर्मल. खोलीची तब्येत उत्तम आहे.”

“मग ती थंड का होत नाही सर?” मी विचारलं.

“तब्येत उत्तम असून काम करत नाही, याचा अर्थ तिला कोणीतरी धमकावलंय.”

वैष्णवीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

मग सरांनी एसीला हात लावला, वाकून वजनाचा अंदाज घेतला आणि एकदम ताठ झाले. “हा किती टनाचा म्हणालीस?”

“दीड टन, काका.”

“दीड टन म्हणजे पंधराशे किलो. आणि हे मशीन फार तर साठ किलोचं. प्रतिभा, लिहून घे. चौदाशे चाळीस किलो एसी गायब आहे.”

“अहो,” मी म्हणाले. सर जरा थांबले. पण वहीत लिहून घ्यावं लागलंच. सिद्धांत क्रमांक एक. संध्याकाळी ललितला फोन लावून विचारलं, तेव्हा पलीकडे त्याला आधी ठसका लागला. मग म्हणाला, साहेब, टन म्हणजे वजन नाही हो, ते थंडीचं माप आहे. सरांनी फोन ठेवून मला सांगितलं की मेकॅनिक घाबरलेला वाटतो.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता आम्ही परत हजर. सरांनी घराला पूर्ण प्रदक्षिणा घातली. मागच्या बाजूला खिडकीतून एसीचा पाठीचा भाग बाहेर आलेला होता, त्यातून गरम वारा येत होता. त्याच्यापलीकडे गोठा. माझ्या वहीत त्या तपासणीची नोंद अशी आहे: ‘मागील बाजू. संशयास्पद काही नाही. एक म्हैस.’ पुन्हा म्हणून मागे कोणी गेलं नाही. गुन्हा खोलीत घडतोय, मग मागे कशाला जायचं, असं सरांचं म्हणणं.

त्या दिवशी दोन सिद्धांत झाले. क्रमांक दोन असा, की अकरा विद्यार्थी म्हणजे अकरा चुली. माणसाच्या अंगातून उष्णता बाहेर पडते आणि हुशार माणसाच्या डोक्यातून जास्त पडते. सरांनी अकराही पोरांना आंब्याच्या झाडाखाली बसवलं. खोली रिकामी. दोघी-तिघी पोरी तिथे वहीवरच कीबोर्ड काढून बोटं चालवत बसल्या होत्या, तेवढं बघून मला भरून आलं. साडेबाराला खट्‌ झालं. एक वाजता चौतीस, दोनला छत्तीस. सर म्हणाले की पोरं हुशार नाहीत, एवढं मात्र सिद्ध झालं. झाडाखालून एक पोरगी म्हणाली, “काका, मग आम्ही आत येऊ का?” सरांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

सिद्धांत क्रमांक तीनला सरांनी ओट्यावर माझ्या कानाशी तोंड आणून आवाज खाली घेतला. “बाप. सगळं त्याच्याकडे जातंय. खोली कोणाला हवी? बापाला. मशीनवर राग कोणाचा? बापाचा. बारा वाजले की घरातून गायब कोण होतं? बाप. पाच वाजता परत कोण येतं? पोरीनेच सांगितलं, बाप!”

“शेतकरी आहेत सर. शेतावर जात असतील.”

“मे महिन्यात? भर दुपारी? साधी म्हैससुद्धा सावलीत बसते.”

चार वाजता आम्ही निघालो तेव्हा वैष्णवी दारात उभी होती. तिने विचारलं, काही कळलं का काका? मला तिला खोटं सांगावंसं वाटेना आणि खरंही सांगवेना. मी नुसतं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

शुक्रवारी सरांनी पाळत ठेवली. पुंजाराम चोरपावलांनी येऊन एसीचं बटण फिरवतात, असा त्यांचा कयास होता. बाराच्या आधी ते टेबलाखाली जाऊन बसले. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी.

“सर, मे महिना आहे,” मी म्हणाले.

“प्रतिभा, एसी अचानक नीट चालला तर? पाच वाजेपर्यंत थंडीत बसायचं म्हणजे गंमत नाही.”

बाराला खोली चोवीस होती आणि सरांना थंडी वाजत होती, हे कबूल करायला हवं. त्यांनी मला विजयी मुद्रेने टोपीची नाडी दाखवली. साडेबाराला खट्‌. एकला तेहतीस. दीडला टेबलाखालून आवाज आला, “प्रतिभा, पाणी.” पावणेदोनला आवाजही यायचा बंद झाला, तेव्हा मी आणि वैष्णवीने त्यांना पाय धरून बाहेर ओढलं. नवसाबाईंनी तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजलं. “स्वेटर घालून कोन बसतं वो उन्हाळ्यात!” त्या म्हणाल्या आणि जाताजाता, “तेवढं माझं गोणपाट...”

“ताई, आत्ता नाही,” मी म्हणाले. खरं सांगते, माझंही डोकं तापलं होतं.

सरांनी डोळे उघडल्यावर अहवाल दिला. “दोन तासांत खोलीत कोणीही आलं नाही. कोणीही गेलं नाही. म्हणजे गुन्हेगार सुरुवातीपासून खोलीतच होता.”

“खोलीत तुम्हीच होतात, सर.”

घरी जाताना लूनाच्या आरशात सर स्वतःकडे मधूनमधून संशयाने बघत होते.

शनिवार उजाडला. सकाळी आम्ही गेलो तेव्हा वैष्णवीने दारात रांगोळी काढली होती, कॉम्प्युटरची कव्हरं धुऊन इस्त्री केली होती. खोली बावीस. पोरगी देवापुढे बसून आली होती. सकाळी दहाला बघितलं असतं तर साहेबांनी डोळे झाकून सही केली असती. पण साहेब येणार दोनला.

सव्वाबाराला सरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. खुर्च्या गोल मांडायला लावल्या. मी, वैष्णवी, नवसाबाई. ललितने पोरीसाठी अर्धा दिवस रजा टाकली होती, तो पंचवटीपर्यंत आलाय असा फोन होता. पुंजारामांची खुर्ची रिकामी.

“या खोलीत,” सरांनी हात मागे बांधून फेऱ्या घालायला सुरुवात केली, “एक थंडी राहत होती. ती गेली. कशी गेली, कोणी नेली आणि का नेली, हे मी आज उघड करणार आहे. आणि ज्याने हे केलं, तो माणूस या क्षणी या खोलीत...” सरांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. “फरार आहे!”

खट्‌, असा एसीचा आवाज आला.

वैष्णवीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडू आवरत ती म्हणाली, “काका, नानांवर संशय घेऊ नका हो. ते बोलत नाहीत माझ्याशी, पण असं नाही करणार.” तिचा आवाज ऐकून मला सरांना त्या खाकी कागदात गुंडाळून घरी न्यावंसं वाटलं.

“अहो, पुरे झालं!” मी ओरडले.

नवसाबाई मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचं लक्ष आमच्यात नव्हतंच. “तुमचं चालू द्या. बाहेर दोन लग्नांचे हार पडलेत, फुलं उघडी, आन्‌ दोरीवर गोणपाट नाय. आज मी सोता बघते कोन नेतंय,” असं म्हणत त्या तरातरा शेडकडून मागच्या बाजूला गेल्या.

दोन मिनिटं झाली असतील. मागून आरोळी आली, “आवो! हे काय करून ठेवलंय तुमी!”

आम्ही सगळे धावलो. सर सर्वांत मागे होते, कारण त्यांना चपला सापडेनात.

मागच्या भिंतीपाशी, रणरणत्या उन्हात, पुंजाराम विधाते तांब्या घेऊन उभे होते. एसीची बाहेर आलेली पाठ गोणपाटात गच्च गुंडाळलेली. नुसती गुंडाळलेली नाही, सुतळीने चारी बाजूंनी आवळून बांधलेली. आणि ते त्याच्यावर विहिरीचं पाणी शिंपडत होते, हलक्या हाताने, जसं टोपलीतल्या फुलांवर शिंपडतात तसं.

पुंजाराम चोरी पकडल्यासारखे खाली बघत होते.

“नाना?” वैष्णवी म्हणाली.

“बारा वाजले का ऊन थेट हिच्यावर येतं,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “लोखंड तापून लाल व्हतं. गारवा कसा टिकंल? फुलं झाकतो तशी झाकली. दर घटकंला पाणी मारतो. पाच वाजता ऊन उतरलं का सोडतो, तुझ्या आईला टोपल्यांला लागतं म्हणून.”

“रोज?”

“रोजच. पंधरा दिस.”

“तुम्ही तर म्हणाला होता, मशीनला हात लावणार नाही.”

“हात कुठं लावला? गोणपाट लावलं.” मग म्हणाले, “बोललो व्हतो चार लोकांत. आता तोंडानं बोललं म्हंजी काय मनातून... जाऊ दे. अजून गार होत नाय, म्हणून आज दुहेरी बांधलं.”

नवसाबाईंनी पुढे होऊन गोणपाटावर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. “भाजलं की! आवो, हे आतली गरमी हिकडून बाहेर टाकतंय. तुम्ही तर त्याचं नाकतोंड बांधून ठेवलंय. फुलांला गरमी टाकायची नसती, हिला असती. म्हशीच्या नाकाला असं बांधलं तर चालंल का?”

पुंजारामांनी बायकोकडे बघितलं, एसीकडे बघितलं. हातातला तांब्या खाली ठेवला. “म्हंजी मीच...?” ते पोरीकडे वळले. “पोरी, म्हंजी पंधरा दिस मीच गं...?”

मला वाटलं वैष्णवी आता चिडेल. चिडायला हवंच होतं, पंधरा दिवस रडलेली पोर. पण ती पुढे गेली, बापाच्या ओल्या हातांवर कपाळ टेकवलं आणि हमसून हमसून रडायला लागली. पुंजारामांना काय करावं कळेना. ते नुसते ‘रडू नको, साहेब यायचाय’ एवढंच म्हणत राहिले.

या नाजूक क्षणी सर चपला घालून पोचले. त्यांनी सगळं एका नजरेत पाहिलं. “प्रतिभा,” ते म्हणाले, “लिही. सिद्धांत क्रमांक तीन बरोबर.”

तेवढ्यात ललितही आला. त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि सुतळी कापून गोणपाट ओढून काढलं. आतून वाफ निघाली. “काका, बरं झालं मशीन जळालं नाही. तापलं की ते आपोआप बंद पडतं, तोच तो खट्‌. आणि मी यायचो संध्याकाळी, तुम्ही पाचला सोडून मोकळे! मला कसं कळणार?” थोडा वेळ मशीन निवू दिलं आणि परत चालू केलं. घुर्र करत ते लागलं. आत खोली पस्तीस होती. घड्याळात एक वाजायला दहा.

“होईल का दोनपर्यंत?” वैष्णवीने विचारलं.

ललितने मान डोलावली, पण खालचा ओठ चावत. “मोकळी हवा पाहिजे. आणि हे ऊन थेट पडतंय ना, ते जड जाणार. वर काहीतरी सावली हवी होती. पण मशीनला चिकटून नको, हातभर लांब पाहिजे.”

मांडव घालायला वेळ नव्हता. पुंजारामांनी गोठ्यातून दोन बांबू आणले, गोणपाटाची दोन टोकं खिडकीच्या वरच्या गजांना बांधली, दोन टोकं बांबूंना. एक बांबू स्वतः धरला. दुसरा ललित धरायला गेला, तर नवसाबाईंनी त्याच्या हातातून काढून घेतला. “तू आत बघ काय बिघडलं तर. आमाला आतलं काय कळतंय!” त्यांची शेवंती तशीच शेडमध्ये उघडी राहिली होती. मी आठवण केली, तर म्हणाल्या, सुकली तर सुकली.

दोघं नवरा-बायको मेच्या उन्हात उभे राहिले. वरून ऊन, समोरून मशीनचा गरम वारा सरळ तोंडावर. सव्वा वाजता खोली बत्तीस. दीडला एकोणतीस. आम्ही सगळे त्या खताच्या थर्मामीटरपुढे उभे होतो. पावणेदोनला सत्तावीस. सर दर दहा मिनिटांनी कोणाला न सांगता तांब्या भरून मागे जात होते आणि दोघांना पाणी पाजून येत होते. हे फायलीत नाही, पण मी बघितलं.

दोनला सव्वीस. साहेब आले नाहीत, देव पावला. ते आले दोन वाजून वीस मिनिटांनी, घामाने निथळत, शर्ट पाठीला चिकटलेला. बूट काढून आत पाऊल टाकलं आणि दारातच डोळे मिटून ‘आहाहा’ म्हणाले. मग भिंतीकडे बघितलं. चोवीस.

साहेबांना खुर्चीवरून उठावंसं वाटत नव्हतं, हे दिसत होतं. चार कॉम्प्युटर बघितले, हजेरी बघितली, सरांकडे बोट करून “हे कोण?” विचारलं. सरांनी छाती फुगवून पत्रक काढायच्या आत मी म्हणाले, “झेरॉक्सवाले.” मग साहेब फॉर्म भरत बसले.

“कर्मचारी किती? इथे एक लिहिलंय.”

“तीन करा, सर,” वैष्णवी म्हणाली.

“तीन? बाकीचे दोघं दिसत नाहीत. रजेवर आहेत?”

“नाही सर. ड्यूटीवर आहेत.”

तिने खिडकीच्या काचेवरचा खाकी कागद कोपऱ्यातून सोलून काढला. साहेब उठून काचेपाशी गेले. बाहेर दोघं तसेच उभे होते, दीड तास झाला होता. नवसाबाईंचा पदर गरम वाऱ्याने फडफडत होता, पुंजारामांच्या कपाळावरून घाम नाकावर येऊन टपकत होता. काचेत साहेबांचा चेहरा दिसला तेव्हा पुंजारामांना नमस्कार करायचा होता, पण दोन्ही हात बांबूला, म्हणून त्यांनी नुसती मान लववली.

साहेबांनीही मान लववली. मग परत येऊन बसले, पेनाचं टोपण काढलं. “यांचं पद काय लिहायचं?”

वैष्णवी काचेकडे बघत राहिली. आमच्या सरांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येतं, पण ते तेव्हा तांब्या भरायला निघाले होते. शेवटी साहेबांनीच स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली सही करून शिक्का मारला. मी मागून वाकून वाचलं. दोन नावांपुढे लिहिलं होतं: संस्थापक.

पोरगी धावत मागे गेली. मीही गेले तिच्यामागे.

“नाना, झालं! सही झाली. ठेवा आता खाली.”

पुंजारामांनी बांबू आणखी घट्ट धरला.

“साहेब आतच बसल्यात ना अजून?” ते म्हणाले. “मग असू दे. मी धरतो.”